वेंकोबरावांची पाच ध्येयं

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्या वसुधाताईंचा फोन आला. "इतकी वर्षं इस्पितळात काढलीत, काहीतरी हृदयस्पर्शी लिहा." मी म्हटलं, हृदय माझ्या खात्यात येत नाही. माझं खातं पाठीचा कणा आणि त्याच्याखालचा सगळा पसारा. त्या म्हणाल्या, "मग त्याच्यावर लिहा, पण वेळेत द्या. गेल्या वर्षीसारखं करू नका." गेल्या वर्षी मी काय केलं होतं ते इथं सांगत बसत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट होते. नवऱ्याच्या बँकेनं आम्हाला सांगलीहून चेन्नईला आणलं आणि परत न्यायला बहुधा विसरली. फिजिओथेरपी म्हणजे मालिश, अशी आमच्या नातेवाइकांची ठाम समजूत आहे. लग्नकार्यात मी टेकले रे टेकले की कुणीतरी आत्या साडी वर करून गुडघा पुढे करते. माझं काम त्यापेक्षा जरा निराळं होतं. कुणी झाडावरून पडतं, कुणी मोटारसायकलवरून, आणि कणा मोडतो. कण्यातून मेंदूची मुख्य तार खाली गेलेली असते. ती तुटली की तिथून खालचं हलत नाही आणि कळतही नाही. कंबरेखाली चिमटा काढा, माणूस तुमच्याशी क्रिकेटवर बोलत राहील. अशा माणसाला उठून बसायला, हातांच्या जोरावर पलंगावरून चाकाच्या खुर्चीत जायला आणि पुन्हा चार माणसांत मिसळायला शिकवायचं, हे आमचं काम.

"आमचं" म्हणते, कारण हे एकट्यादुकट्याचं काम नव्हेच. मोठे डॉक्टर होते. फिलोमिना सिस्टर लघवीच्या नळीपासून कातडीपर्यंत सगळं पाहायच्या. कविता अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशी रोजची कामं बसल्या जागी कशी करायची ते शिकवायची. सेल्वम समाजसेवक, घर, नोकरी, सरकारी कागद ही त्याची बाजू. आणि मी. या पाच जणांना इस्पितळाच्या माहितीपत्रकात 'टीम' म्हटलं होतं आणि आमचा हसरा फोटोही छापला होता. फोटोत नसलेली सहावी म्हणजे पोन्नम्मा. ती आया. दर दोन तासांनी पेशंटला कुशीवर वळवायची, पुसायची, जेवू घालायची आणि वर शिव्याही घालायची.

दर बुधवारी अकरा वाजता आमची मीटिंग असे. दार बंद, फिल्टर कॉफी, कुणीतरी आणलेलं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली चण्याची उसळ, आणि एकेका पेशंटवर चर्चा. तो पेशंट दाराबाहेर, वीस पावलांवर. चर्चा संपली की आमच्यापैकी कुणीतरी जाऊन त्याला सांगायचं, "टीमनं असं असं ठरवलंय." मला यात वर्षानुवर्षं काही वावगं दिसलं नाही. ज्याच्या लग्नाची बोलणी चालली आहेत त्यालाच बाहेर बसवायची आपल्याकडे एकेकाळी पद्धत होतीच की.

पेशंट मात्र आम्हाला पुरते ओळखून होते. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातला मुरुगेसन नावाचा एक जोडारी होता, पत्र्याखाली सापडलेला. तो आम्हा प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारायचा, "मी चालेन का?" डॉक्टर म्हणायचे, "बघू या." मी म्हणायची, "व्यायाम कर." सिस्टर म्हणायच्या, "प्रार्थना कर." सेल्वम म्हणायचा, "डॉक्टरांना विचार." संध्याकाळी व्हरांड्यात सगळे पेशंट खुर्च्या जवळ आणून ही उत्तरं एकमेकांना ऐकवत आणि कोण किती टाळतो यावर आम्हाला नंबर देत. सेल्वम कायम तळाला. मुरुगेसननं शेवटी पोन्नम्माला विचारलं. ती म्हणाली, "नाही चालणार. आता भात खा." तो दोन दिवस रडला आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्या खुर्च्यांचे ब्रेक दुरुस्त करायला बसला. पोन्नम्माचा नंबर पहिला. मी सातआठ दिवस तिच्यावर फुगून होते.

अशा वॉर्डात वेंकोबराव आले.

वेंकोबराव तंजावरकडचे मराठी. वय पन्नाशीच्या पुढे, टी. नगरच्या एका मोठ्या साड्यांच्या दुकानात विक्रेते. साधेसुधे विक्रेते नव्हेत. दुसऱ्या मजल्यावर लग्नाच्या पट्टुसाड्यांचं काउंटर असतं, रेशमी साड्यांचं. तिथले ते मुख्य. नवरीकडची वीस माणसं येतात, वीस तोंडं वीस दिशांना, आणि त्या सगळ्यांना एका साडीवर आणायचं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. सर्वांत वरच्या फळीवरची पोपटी साडी काढताना शिडी सरकली आणि कंबरेच्या वर कणा मोडला.

मी मराठी आहे कळल्यावर त्यांनी मला लगेच अक्का करून टाकलं. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अक्का, मज पाय नकोत. मज माझं काउंटर होणा. धनी सांगटले, दीपावळीपर्यंत जागा राखतों. त्यापुढें नाहीं." चालायचं नव्हतं त्यांना. दिवाळीच्या गर्दीआधी काउंटरवर परत बसायचं होतं, एवढंच. मालकाची अट अशी की सलग सहा तास बसता आलं पाहिजे.

असा पेशंट म्हणजे फिजिओथेरपिस्टला लॉटरीच. काय करायचं ते ठरलेलं, तारीख ठरलेली आणि माणूस जिद्दीचा. मी कंबर कसली, म्हणजे त्यांची. आषाढात, ज्याला इथं आडी म्हणतात आणि टी. नगरात सेलची झुंबड उडते, तेव्हा ते चार तास खुर्चीत बसत होते. मी पाचवर नेलं, मग सहावर. "अजून थोडं, वेंकोबराव, गिऱ्हाईक समोर आहे असं समजा." ते समजायचे. सहा तास पूर्ण झाले त्या दिवशी मी सगळ्या वॉर्डाला म्हैसूरपाक वाटला.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तुम्ही-आम्ही खुर्चीत बसलो की नकळत चुळबुळ करतो. बूड दुखतं म्हणून. ज्याला बूड आहे हेच कळत नाही तो चुळबुळ करत नाही, आणि बसल्या जागी हाडाखालची कातडी मरते. म्हणून दर पंधरा मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं आणि संध्याकाळी आरसा धरून मागं लाली आली आहे का बघायचं. लाली दाबून गेली नाही की बसणं बंद. न थांबलं तर जखम, आणि मग महिनोन्‌महिने पालथं पडून राहायचं.

वेंकोबरावांच्या उजव्या बाजूला लाली आली होती. पोन्नम्मानं ती पहिल्या दिवशीच पाहिली आणि सिस्टरना सांगितली. सिस्टरनी आपल्या फाइलमध्ये व्यवस्थित लिहिली, "दोन तासांवर बसवू नये" असा शेराही मारला. तीन दिवस लिहिली. माझी फाइल वेगळी होती. माझ्या फाइलमध्ये "सहा तास, उत्तम प्रगती" असं लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून. त्या बुधवारची मीटिंग डॉक्टर परिषदेला गेल्यामुळे झाली नाही, आणि मीटिंगशिवाय आम्ही पाच जण एकमेकांशी पेशंटबद्दल बोलत नव्हतो. सुंडलबद्दल बोलायचो.

चौथ्या दिवशी कातडी फुटली.

मी धावत गेले. ते पालथे होते, चेहरा माझ्याकडे वळवलेला. मी जवळजवळ ओरडलेच, "मला सांगायचं नाही का?"

"सिस्टरास ठाऊक होतें की," ते म्हणाले. "तुम्ही समस्त एकच टीम. एकास सांगटलें म्हणजे पांचांस सांगटलें. नाहीं कां?"

त्या दिवशी चुकलं कुणाचं यावर बरंच बोलणं झालं. सिस्टर म्हणाल्या, लिहिलं होतं. मी म्हटलं, सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आपल्यात समन्वय कमी पडला." हे वाक्य फार सोयीचं असतं, त्यात कुणाचंच नाव येत नाही. मीही त्याच वाक्याच्या सावलीत जाऊन बसले. वेंकोबरावांची क्षमा मी मागितली नाही. "आमच्याकडून थोडं राहून गेलं," असं म्हणाले. आम्ही पाच जण त्या 'आमच्या'त मावत होतो.

यंदाची दिवाळी हातची गेली हे सगळ्यांना कळलं होतं. जखम भरायलाच दीडदोन महिने, मग पुन्हा अर्ध्या तासापासून बसायला सुरुवात. आमच्या पद्धतीप्रमाणे जुनं ध्येय रद्द झालं की नवीन लिहून घ्यायचं असतं. तेव्हा त्या आठवड्यात आम्ही प्रत्येक जण आपापली फाइल घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि गोड आवाजात विचारलं, "मग आता पुढं काय करावंसं वाटतं?"

मला ते म्हणाले, "अक्का, कोणास सांगू नका. मज पोहायचं आहे." मी थक्क झाले. पालथं पडून माणसाला पोहणं सुचावं! मी त्याच दिवशी तीन ठिकाणी फोन करून खुर्ची पाण्यापर्यंत जाईल असा तलाव शोधला. मनातल्या मनात त्यांना पदकही घातलं. आणि मुख्य म्हणजे, हे त्यांनी फक्त मला सांगितलं याचा मला फार आनंद झाला होता. घरी नवऱ्याला म्हटलं, "पेशंटचा विश्वास मिळवावा लागतो." तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता "हं" म्हणाला.

बुधवारी मी मीटिंगला जरा लवकरच गेले. वेंकोबरावांचं नाव येताच घसा साफ करून पोहण्याचं जाहीर केलं.

कविता हसायला लागली. "मॅडम, काहीतरी घोटाळा झालाय. त्यांना स्वयंपाक शिकायचाय. बायकोला आयुष्यात एकदा तरी आयतं सांबारं वाढायचंय म्हणाले. मी बुटकी शेगडीसुद्धा मागवली."

सेल्वमचा चेहरा उतरला. "ते साड्यांना कंटाळलेत. जॉर्ज टाउनात भावाच्या दुकानाबाहेर चहाची टपरी टाकणार आहेत. मी परवान्याचा अर्ज भरून सहीसुद्धा घेतली."

फिलोमिना सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मला त्यांनी सांगितलं, की बरा झालो की वेलांकण्णीला जाऊन मातेला मेणबत्ती लावणार, बाकी काही नको. मी बहिणीला कळवलं, ती तिथं खोली बघतेय."

सगळे डॉक्टरांकडे वळले. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "मला म्हणाला, डॉक्टर म्हणतील तेच माझं ध्येय." त्यांच्या फाइलमध्ये इंग्रजीत 'अत्यंत सहकार्य करणारा पेशंट' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं.

मग पाचही जण उठलो आणि वरातीसारखे त्यांच्या पलंगाशी गेलो. ते चाकांच्या लांब पलंगावर पालथे, हनुवटीखाली उशी. आम्हाला एकत्र आलेलं पाहून इतके खूश झाले की तसा आनंद मी त्या वॉर्डात क्वचित पाहिला आहे. बाजूच्या पलंगावर मुरुगेसन तोंडात टॉवेल कोंबून बसला होता. म्हणजे व्हरांड्यात सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

"हे काय, वेंकोबराव?" मी विचारलं.

"पाहत होतों," ते म्हणाले, "किती दिवसांत तुम्ही समस्त एकमेकांशीं बोलतां तें. सहा दिवस लागले." मग डॉक्टरांकडे पाहून तमिळमध्ये म्हणाले, "सार, माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं की साडी त्याच्यासमोर उलगडतात. आत नेऊन दार लावून नाही. मीटिंग इथं घ्या. माझ्यासमोर. आणि पोन्नम्मा पाहिजे."

मला वाटलं, डॉक्टर चिडतील. ते म्हणाले, "कॉफी मिळेल का?" वेंकोबराव म्हणाले, "सुंडल आणणं तुमच्याकडे."

पुढच्या बुधवारी वॉर्डात आमची मीटिंग झाली. वेंकोबरावांनी ती अशी चालवली की आम्ही नवरीकडची माणसं आणि ते गादीवर. त्यांनी एकच प्रश्न घेतला: जखम भरल्यावर मी किती वेळ बसू? आणि एकेकाला नाव घेऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले तीन तास. सिस्टर म्हणाल्या दीड. मी म्हटलं चार. कविता म्हणाली, बसून काय करायचंय त्यावर अवलंबून. सेल्वम म्हणाला, डॉक्टर म्हणतील ते. प्रत्येक उत्तरावर ते "बेष" म्हणून पुढच्याकडे वळत. शेवटी दारात हात बांधून उभ्या असलेल्या पोन्नम्माला विचारलं. ती म्हणाली, "एक तास बसव, मग मी मागून बघते. लाल नसेल तर दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. लाल असेल तर कुणाचं ऐकायचं नाही." डॉक्टरांनी ते शब्दशः लिहून घेतलं. त्याचा एकच कागद झाला, पलंगाला अडकवला गेला आणि बाकीच्या पाच फाइलींनी त्याच्याप्रमाणे वागायचं ठरलं. चहाच्या टपरीचा अर्ज सेल्वमला मागं घ्यावा लागला. शेगडी मात्र कवितानं ठेवून घेतली आणि वेंकोबरावांकडून सांबारं करवलंच. खारट झालं होतं.

त्यानंतर बुधवारची मीटिंग वॉर्डातच होऊ लागली. सुरुवातीला आम्हाला फार जड गेलं. पेशंटसमोर एकमेकांना खोडून काढायला लाज वाटायची, आणि पेशंटसमोर पेशंटची तक्रार तर करताच येईना. मुरुगेसननं आपल्या पाळीला मला विचारलं, "मॅडम, मागच्या बुधवारी जे करते म्हणालात ते केलंत का?" केलं नव्हतं. माझ्या शेवटच्या दोनतीन वर्षांत फाइली कॉम्प्युटरवर गेल्या आणि मीटिंग पुन्हा दाराआड, पडद्यासमोर सरकली. मी थोडी भांडले. पुरेशी भांडले नाही.

मालकानं शब्द पाळला. दिवाळीपर्यंत जागा ठेवली आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी भरली. मी आणि सेल्वम त्याला भेटायला गेलो होतो. तो सज्जन माणूस होता, आम्हाला थंड बदाम दूध पाजलं आणि म्हणाला, "अम्मा, लग्नाची गिऱ्हाइकं थांबत नाहीत. मी किती थांबू?" पोंगलनंतर वेंकोबरावांना त्यानं तळमजल्यावर घेतलं. परकर आणि टॉवेलांच्या काउंटरवर.

मी निवृत्त झाल्यावर एकदा टॉवेल घ्यायला म्हणून तिथं गेले. टॉवेल हे निमित्त होतं, घरी टॉवेलांचा ढीग आहे. ते खुर्चीत बसले होते, उंची कमी केलेल्या काउंटरमागं. बोलता बोलता दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचे आणि पुन्हा बसायचे. सवय हाडीमांसी मुरली होती. मला पाहून "या अक्का, या" म्हणाले आणि कुठल्याशा बाईला परकराची उंची दाखवत राहिले. तीस वर्षं रेशीम उलगडलेले हात परकराच्या नाड्या सारख्या करत होते. मला ते बघवेना.

गर्दी जरा ओसरल्यावर मी म्हटलं, "वेंकोबराव, तुम्ही आमच्यावर कधी रागावला नाहीत."

"रागवायचं होतें," ते म्हणाले. "फार होतें. पण पांच जणांत कोणावर, तें मज कधी कळलंच नाहीं. डाक्टरांकडे पाहिलें तर ते तुमच्याकडे पाहत. तुमच्याकडे पाहिलें तर तुम्ही सिस्टराकडे. मग राहिलें."

"माझ्यावर," मी म्हटलं. "सहा तास मी बसवलं. सिस्टरची फाइल चार पावलांवर होती. मी उघडली नाही."

हातातला टॉवेल त्यांनी घडी करून बाजूला ठेवला.

"सरी, बरें," ते म्हणाले. "मग आतां रागवतों."

आणि रागावले. अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये, भर दुकानात. वर दुसऱ्या मजल्यावर कालचा पोर त्यांच्या जागी बसतो आणि त्याला जरीतलं काही कळत नाही, हे सांगितलं. दीपावळीच्या सकाळी ते पालथे पडले होते आणि बायको फराळाचा डबा उशाशी ठेवून भिंतीकडे तोंड करून रडत होती, हे सांगितलं. त्या म्हैसूरपाकाबद्दलही बोलले. आवाज चढला तसे बाकीचे विक्रेते थांबले. कुणा गिऱ्हाइकाला वाटलं मी विटलेला परकर परत करायला आले आहे, आणि ती बाई माझी बाजू घ्यायला पुढं सरसावली. मी तिला हातानं थांबवलं. मी उभी राहून सगळं ऐकलं. मध्ये एकदाही "आम्ही" म्हटलं नाही.

ते थांबले तेव्हा त्यांना धाप लागली होती. पाणी प्यायले, मलाही दिलं. मग मागच्या फळीवरून टॉवेलांचा गठ्ठा ओढून माझ्यासमोर एकेक उलगडायला लागले, अगदी काठापासून, सावकाश, दोन्ही हातांवर तोलून.